उडत्या चावडीतला पहिला गडगड्या

मस्कत
१४ जून २००४

सोम्या,

खुशाल हैस न्हवं? मी हाय. बाहेर ऊन हाय, हातात एसीचे पाइप हायत आणि खोलीत केरळची पोरं हायत. संपली माझी खुशाली.

आता कामाचं. परवा जरीनाशी फोनवर बोलत होतो तर मागनं शिफा वरडली, अब्बा, टीव्हीवर उडती चावडी लागणार हाय. म्हटलं, ह्या पोरीला कुठनं कळलं? ती जन्माला यायच्या आधीची मालिका, गाजली, संपली, लोक विसरून गेले. तर म्हणं कुठल्या तरी नव्या मराठी चॅनेलवाल्यांनी तीच परत काढलीया. मुंबईला, कॉम्प्युटरवर. चावडी उडणार, तलाठी उडणार, आणि गडगड्या पण हाय.

त्या दिवशी मला झोप न्हाय लागली बघ. खोलीतल्या पोरांनी विचारलं काय झालं, तर सांगायला बसलो. म्हटलं, आमच्या कोल्हापुरात चौऱ्याण्णव साली एक मालिका काढलेली. एका गावची चावडी एक दिवस उठून आभाळात उडून जाते. आत तलाठी, पाटील आणि एक सुईण. आणि वर त्यांना भेटतो परग्रहावरचा गडगड्या, गोल, रुपेरी, सगळ्यांना पावणं म्हणणारा. त्या गडगड्याच्या आत मी होतो. पोरांनी विचारलं, तुला हे काम मिळालं कसं? म्हटलं, निर्माते हंबीरराव आमच्या दुकानात आले आणि म्हणाले, परग्रहावरचा माणूस करून पाहिजे. माझ्या बापानं विचारलं, गोल का चौकोनी? गादीवाल्याला दुसरं काय सुचणार. मग मी गादीचं कापड शिवलं, कापूस ठासला, वरनं रुपेरी रंग मारला, आणि ते घालून उन्हात उभं ऱ्हायला दुसरा कोण तयार होईना म्हणून मीच आत शिरलो. पोरं पोट धरून हसली. एकानंबी विश्वास ठेवला न्हाय.

तर ऐक. आमच्या डिशवर सगळे मल्याळी चॅनेल. तू दर आठवड्याला ती मालिका बघायची आणि मला पत्रानं कळवायचं. फोनवर नको, फोनवरची मिनिटं जरीनाच्या वाट्याची हायत. आणि खरं लिही. विशेष करून गडगड्याचं. कोण करतोय, कसा चालतोय, लोक त्याच्यावर माया करतात का नुसतं बघतात, सगळं लिही.

आक्काला सलाम सांग.

तुझा,
कुतुब


मंगळवार पेठ, कोल्हापूर
५ जुलै २००४

कुत्ब्या,

पहिला भाग बघितला. पाट घेऊन बैस, सांगतो.

चावडी उडाली. पण ती आपली चावडी न्हवं. आपली कशी होती, कौलं, ओटा, भिंतीवर पानाची पिचकारी. ही सगळी काचंची आणि स्टीलची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतनं एखादी फॅक्टरी उचकटून आभाळात फेकल्यागत दिसतीया. तलाठ्याला आता कमांडर म्हणतात. केसाला एवढं चोपडलंय की अंतराळात वारं असतं तरी हाललं नसतं. पाटलाला काढून टाकलंय. सुईण पण गेली. त्यांच्या जागी कोण, सांग बघू. सासू.

खोटं न्हाय सांगत. चॅनेलवाल्यांना वाटतं बायका नुसतं अंतराळ बघणार न्हाईत, म्हणून यानात सासू घातलीया. जरीच्या साडीत, कपाळाला नागाएवढं कुंकू. सून यानाच्या बाहेर दुरुस्तीला गेली की ही आतनं तिच्या ऑक्सिजनची नळी पिळते. पिळते आणि हसते. हसली की कॅमेरा तिच्या तोंडावर तीनदा आपटतो आणि ढोल वाजतो. आमची आक्का माळ ओढत बसलेली, ती म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, आमटीत मीठ जास्त घालायचं की. थोरल्या बहिणीचा विचार असा हाय म्हटल्यावर मी माझ्या बायकोला जपूनच जेवायला सांगितलंय.

आपलं यान म्हंजे माझ्या भांड्यांच्या दुकानातल्या पराती. दोन पराती तोंडाला तोंड लावून, दोऱ्यानं टांगलेल्या. दोरा दिसायचा, पण वस्तू खरी होती. ह्यांचं यान कॉम्प्युटरनं काढलंय. लई गुळगुळीत. पण ते खाली पडलं तर आवाज येईल असं वाटत न्हाय. आणि शुक्र म्हंजे तो खाणीचा खड्डा, आठवतोय का, शॉट चालू असताना म्हैस आली मधनं. हंबीरराव म्हणाले, असू दे, शुक्रावरबी कुणीतरी दूध घालतच असणार. पुढं लोकांनी पत्रं पाठवली की शुक्रावरची म्हैस परत दाखवा. ह्यांच्या शुक्रावर कुत्रंसुद्धा न्हाय.

शेवटाला गडगड्या आला. काय सांगू, पापड. मुंबईचा बारीक पोरगा, अंगाला चिकटलेला रबरी झगा. गोल न्हाय, काय न्हाय. त्याला बघून कुणाला माया येणार? पेठेत कोण नाव काढत न्हाय त्याचं. सगळे म्हणतात, आपला कुतुब तो कुतुबच. तू निवांत ऱ्हा.

तुझा,
सोमशेखर


मस्कत
२२ जुलै २००४

सोम्या,

तुझं पत्र पोरांना वाचून दाखवलं. अर्धं हिंदीत, अर्धं हातवारे करून. सासू नळी पिळते तिथं दोनदा वाचायला लावलं. आता सगळी खोली तुझ्या पत्राची वाट बघणार, तवा कंटाळा करू नकोस.

पण एक झालंय, ते तुलाच सांगतो.

गेल्या शुक्रवारी शिफाला फोनवर म्हटलं, बेटा, तो गडगड्या हाय न्हवं, आधीचा, तो मी होतो. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. वाटलं, आता मालिका लागलीया, पोरगी खूश होईल. ती हसली. मग म्हणाली, अब्बा, तुम्ही एसी बसवता. म्हटलं, ते आत्ता, तवा मी गडगड्या होतो. जरीनापण मागनं म्हणाली, व्हय गं, खरं हाय. तर शिफा म्हणाली, असू दे अब्बा.

लेका, तिनं मला खोटारडा म्हटलं असतं तर मी हसलो असतो. असू दे म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं.

मी इकडं आलो तवा ती बालवाडीत होती. दोन वर्सांनी महिनाभर जातो, तोवर तिचे कपडे बदललेले असतात, मैत्रिणी बदललेल्या असतात, आवडीची भाजी बदललेली असते. तिला माझ्याबद्दल काय ठाऊक? फोनमधला आवाज आणि पेटीतनं निघणारी चॉकलेटं. मला वाटलं, एवढं तरी तिला कळावं की बाप एकदा आभाळात गेलता आणि गावच्या पोरांनी त्याला टाळ्या वाजवल्यात्या. त्यापलीकडं मला काय नको.

म्हणून तू पुरावा शोध. हंबीररावांकडं टेपा असतील. टेपा न्हाईत तर तो सूट. तो मी इकडं यायच्या आधी माळ्यावर ठेवलता, नंतर कुठं गेला ठाऊक न्हाय. शोध आणि पोरीला दाखव.

इथं मुकादम मागं लागलाय, करार वाढव म्हणून. दिवाळीच्या आसपास सही करायची. करीन म्हणतो. तिथं येऊन तरी काय करणार, घरात मला ओळखणारं कोण हाय?

तुझा,
कुतुब


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ ऑगस्ट २००४

कुत्ब्या,

घरात मला ओळखणारं कोण हाय, म्हणं. रडतोस काय लेका, सासूसारखा. आधी माझं ऐक.

दुकान बंद करून राधानगरीला गेलो, हंबीररावांच्या शेतावर. पाऊस असा की एसटीत छत्री उघडून बसलो. हंबीरराव आता म्हशी पाळतात. मला बघून त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, मग म्हणाले, परात परत मागायला आलायस का? म्हटलं न्हाय, टेपा पाहिजेत. गोठ्याच्या वरच्या माळ्यावर पत्र्याची पेटी होती. उघडली. कुत्ब्या, आत टेपा न्हाईत, बुरशी हाय. पांढरी, केसाळ, मांजराएवढी. राधानगरीच्या दमट हवेला आपली मालिका लई आवडली असणार, सगळी खाल्लीया. हंबीरराव म्हणाले, चला, कुणीतरी दुसऱ्यांदा बघितली.

एक फोटो मिळाला. दुधाच्या कॅनखाली ठेवलेला, कोपरा गेलाय, पण चांगला हाय. मी लगेच शिफाला दाखवला. फोटोत मी हाय, हातात परात हाय, बाजूला गडगड्या हाय. शिफा म्हणाली, सोमाकाका, हे तुम्ही, मग अब्बा कुठं हायत? म्हटलं, आत. ती फोटोकडं बघत ऱ्हायली आणि म्हणाली, बरं.

पोरीचं तरी काय चुकलं सांग. फोटोत तू हैस ह्याचा पुरावा म्हंजे तू दिसत न्हाईस हाच.

सूट शोधतोय. धीर धर.

मालिकेचं सांगायचं तर कचरा चाललाय. एका भागात मात्र हसलो, खोटं कशाला बोलू. कमांडर मंगळावर उतरतो, समोर हिरवी माणसं भाले घेऊन उभी, आणि हा त्यांना विचारतो, ह्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर हाय? तिथं तो परत आपला तलाठी झाला. हिरव्या माणसांची आपापसांत लगेच भांडणं लागली, एक म्हणतो माझ्या, दुसरा म्हणतो चुलत्यानं लुबाडली. मंगळ दोन मिनिटात करवीर तालुका झाला. आक्का म्हणाली, ह्यांना अंतराळातबी वाटणी करता आली न्हाय. पण लगेच पुढच्या शॉटला सासू आली, ढोल वाजला, झालं वाटोळं.

शिफा आमच्यातच येते बघायला. आमच्या शांभवीच्या वर्गात हाय न्हवं, दोघी जाजमावर पसरतात आणि भडंग खातात. त्या गडगड्याचं काम आता कमी केलंय. लोकांना नको झालाय.

तुझा,
सोमशेखर


मस्कत
१ ऑक्टोबर २००४

सोमशेखर,

लोकांना नको झालाय व्हय?

काल शिफाशी बोललो. तिचा आवाज असा आनंदाचा की आधी मला वाटलं परीक्षेत पहिली आली. म्हणाली, अब्बा, आमच्या पेठेत गडगड्या आलता. खरा. सोमाकाकांनीच आणला. तालीम मंडळाचा ह्या वर्सीचा गणपतीतला सजीव देखावा उडती चावडी, उद्घाटनाला मुंबईचा गडगड्या, फुलांनी सजवलेल्या जीपमधनं मिरवणूक, आणि त्याच्या डोक्याला फेटा कुणी बांधला, तर मंडळाचे अध्यक्ष सोमशेखर ह्यांनी. पोरीनं हातावर सही घेतलीया आणि म्हणे दोन दिवस हात धुतला न्हाय. मग म्हणाली, तो लई भारी चालतो, अब्बा.

मी खरं लिही म्हटलतं. पहिल्याच पत्रात. मी काय आजारी हाय, मला पेज पाजायला? पापड म्हणालास. कोण नाव काढत न्हाय म्हणालास. आणि तुझ्या स्वतःच्या घरात माझी पोरगी त्याला बघत भडंग खात बसलेली. मी इथं सगळ्या खोलीला सांगत सुटलोय की नवा गडगड्या पडला. पोरं म्हणतात, आज पार्टी दे. मी चहा पाजला त्यांना. तुझ्या खोट्यावर चहा पाजला.

आणि सूट. शोधतोय म्हणं. कुठं शोधत होतास, मांडवात?

त्या मुंबईच्या पोराचा मला राग न्हाय. तो त्याचं काम करतोय. मला राग तुझा हाय, कारण माझ्या गावात माझं काय चाललंय हे मला फक्त तुझ्याकडनंच कळतं, आणि तू मला गोड घालून सांगतोस. जरीना पण गोड घालून सांगते. शिफा एकटी खरं बोलते, आणि ती म्हणते मी गडगड्या न्हवतोच.

कराराचा कागद आलाय. सही केली की आणखी दोन वर्सं. आता करूनच टाकतो.

तुझं पत्र न्हाय आलं तरी मला चालंल. पण सासूचं पुढं काय झालं ते पोरं रोज विचारतात, तेवढं त्यांच्यासाठी पाठव. मी वाचणार न्हाय. मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल तेवढंच.

कुतुबुद्दीन


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० ऑक्टोबर २००४

केरळच्या पोरांनो,

सासूनं नळी पिळताना आता चुकून स्वतःचीच नळी पिळलीया. बेशुद्ध पडली. सून तिला पाठीवर घेऊन चंद्राच्या कड्यावर उभी हाय. पुढचं आता दिवाळीच्या रविवारी, तोवर जुनेच भाग परत दाखवणार हायत. आता हे पत्र वाचून दाखवणाऱ्याला म्हणावं, खाली तुझ्यासाठी हाय.

कुत्ब्या, माफी मागणार न्हाय. तू तिथं उन्हात पाइप बसवत असताना तुला पत्रात लिहायचं काय, की बाबा तुझ्यापेक्षा चांगला आलाय? तू माझ्या जागी असतास तर लिहिलं असतंस? न्हाय लिहिलं असतंस. तूबी पापडच म्हटला असतास.

आता खरं पाहिजे तर घे. मालिका कचरा हाय आणि मी एकबी भाग चुकवला न्हाय. सासू बघायला लांबलांबची माणसं आमच्यात येऊन बसतात. यान गुळगुळीत हाय पण उडतं झकास. आणि तो पोरगा काम चांगलं करतोय. रबरी झग्यात चालतो, पण असा चालतो की बारकी पोरं मागनं तसंच चालत शाळेला जातात. झालं समाधान?

आता मंडळाचं. त्याला बोलवायचं मंडळानं ठरवलं, मी अध्यक्ष, मी काय आडवा पडू? पण मी माईक हातात घेतला तवा काय बोललो ते शिफानं तुला सांगितलं न्हाय. मी म्हटलं, मंडळी, हे आजचे पावणे दुसरे. पहिला गडगड्या आपल्या पेठेतला, गादीवाल्यांचा कुतुबुद्दीन, सध्या मुक्काम मस्कत. पुढं बसलेल्या पोरांना वाटलं भाषण चाललंय. पण मागं आपल्या वयाची माणसं उभी होती, त्यांनी अशा शिट्ट्या मारल्या की मांडवाचे बल्ब थरथरले. तो मुंबईचा पोरगा फेटा सावरत माझ्याकडं आला. म्हणाला, मी शाळेत असताना बघितलंय त्यांना. ते डुलत डुलत चालायचे, ते कसं काय जमवायचे? म्हटलं, त्याला काय दिसायचं न्हाय. डोळ्याची भोकं नाकावर आलती. तो हसला न्हाय. म्हणाला, मी ते चार महिने आरशासमोर शिकलो.

मी खूश होऊन शिफाकडं बघितलं. तिनं मान दुसरीकडं वळवलेली. घरी जाताना मला म्हणाली, सोमाकाका, माईकवर खोटं बोलायचं नसतं.

तवा मला कळलं की आता सूट शोधल्याशिवाय गती न्हाय. सरळ जरीनावैनीकडं गेलो. म्हटलं, तो रुपेरी सूट माळ्यावर होता तो कुठं हाय? वैनी भाकरी थापत होती. म्हणाली, भाऊजी, कापूस चांगला होता हो.

समजलास का? तू गेलास त्याच वर्सी वैनीनं तो उसवला, कापूस काढून उन्हात टाकला, तुझ्या बापाकडनं पिंजून घेतला आणि पोरीची गादी भरली. तुमच्यात कापूस टाकून देत न्हाईत, पिंजून परत भरतात, हे तूच मला शिकवलेलंस. तुझ्या बापानं तुझा गडगड्या पिंजला आणि तुला कुणी पत्ता लागू दिला न्हाय. मी म्हटलं, अहो, त्याला सांगितलं का न्हाय? तर वैनी म्हणाली, ते वरवर हसतील आणि मनात लावून घेतील, म्हणून न्हाय सांगितलं. बघ, तुला गोड घालून सांगणारा मी एकटाच न्हाय.

म्हंजे मी राधानगरीपर्यंत बुरशी हुंगून आलो, आणि तुझी पोरगी रोज रात्री गडगड्यावर झोपतीया.

हे सगळं बोलणं चाललेलं तवा शिफा दारात उभी होती. दप्तर पाठीला. आत गेली, गादीचा कोपरा उचलून बघितला, परत टाकला आणि शाळेला गेली. आता तिच्या मनात काय हाय ते मला ठाऊक न्हाय. मी अंदाजानं गोड लिहू शकतो, पण तू ते घेणार न्हाईस.

सही करायची का न्हाय ते तुझं तू बघ. मी एवढंच म्हणतो, तुझ्या जागी मी असतो तर एकदा तरी शिफाला तोंडानं विचारलं असतं, येऊ का म्हणून.

सोमशेखर


कोल्हापूर
१८ ऑक्टोबर २००४

प्रिय अब्बा,

सलाम. सोमाकाकांकडून पत्ता घेतला. हे पत्र अम्मीला दाखवणार नाही. तिला वाटतंय मी निबंध लिहितेय.

मी आधी विश्वास ठेवला नाही त्याचं कारण सांगते. तुम्हाला फोनवर कसे आहात विचारलं की तुम्ही मजेत म्हणता. ताप आला तेव्हापण मजेत म्हणालात. फोन ठेवल्यावर अम्मी म्हणते, काही मजेत नाहीत, खोटं बोलतात. म्हणून मला वाटलं गडगड्याचं पण तसंच असेल, मला बरं वाटावं म्हणून.

गादीचं कळल्यावर मी वर्गात सांगितलं की पहिला गडगड्या माझे अब्बा होते. सगळ्या म्हणाल्या पुरावा दाखव. मग मी त्यांना घरी आणलं आणि गादी दाखवली. त्या खूप हसल्या. एक मुलगी म्हणाली, ही गादी आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे गादी आहे, तरी तो गडगड्याच आहे. ती म्हणाली, कशावरून? मी म्हटलं, मी सांगते त्यावरून. मग शांभवी पण म्हणाली की तिचा विश्वास आहे. पण तिला माझी गणिताची वही पाहिजे होती, त्यामुळं तिचं धरू नका.

अब्बा, राग मानू नका, पण नवा गडगड्या तुमच्यापेक्षा चांगला असणार. त्याला डोळे हलवता येतात. सोमाकाका म्हणतात तुम्हाला तर समोरचं दिसतपण नव्हतं. तो मंडळाच्या स्टेजवर म्हणाला की त्याला लहान मुलगी आहे आणि शूटिंग संपलं की तो रोज घरी जातो. नंतर ते आठवून मला त्याचा राग आला. का आला माहीत नाही. मग मी हातावरची सही धुऊन टाकली.

तुमचं काम कधी संपणार ते मला कुणी सांगत नाही. अम्मीला विचारलं की ती तांदूळ निवडायला बसते, निवडलेले असले तरी.

आता महत्त्वाचं. गादीत गोळे झालेत. पाठीला टोचतात. दादाजींना आता दिसत नाही, त्यांना पिंजता येत नाही. अम्मी म्हणाली बाहेर पिंजायला देऊ. मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला चालणार नाही. तुम्ही येऊन पिंजा. तोपर्यंत मी गादी गुंडाळून ठेवली आहे आणि खाली सतरंजीवर झोपते. अम्मी ओरडते. ओरडू दे.

रोजे सुरू झालेत. मी शुक्रवारी धरणार आहे.

तुमची,
शिफा


मस्कत
२९ ऑक्टोबर २००४

सोम्या,

शिफाचं पत्र पोरांना वाचून दाखवायला घेतलं. मला पुरं वाचता आलं न्हाय. शेवटाला त्यातल्याच एकानं माझ्या हातातनं घेतलं, त्याला मराठीतलं अक्षर येत न्हाय, नुसताच धरून बसला. मग मी तोंडानं सांगितलं.

कागदावर सही केली न्हाय. मुकादम म्हणाला, कारण काय लिहू? म्हटलं, लिही, गादी पिंजायची हाय. त्याला वाटलं उन्हानं माझं टाळकं फिरलं. आमच्या पोरांनी त्याला कोपऱ्यात नेऊन सगळं समजावलं, चावडी, परात, सासू, शुक्रावरची म्हैस. एक जण तर खोलीत डुलत चालून दाखवत होता. मुकादमाला काय कळलं ठाऊक न्हाय, पण जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

तिथं येऊन धंदा काय करणार, ते आत्ताच विचारू नकोस. फोमच्या गाद्या आल्यात ते मला माहीत हाय. बापाची पिंजण खुंटीला हाय आणि माझे हात अजून हायत. पुढचं पुढं. भीती वाटतीया, खरं सांगतो. शिफा आता खरं तेवढंच मागते, तिच्यासमोर मजेत हाय म्हणून भागणार न्हाय.

तुझ्यावरचा राग गेलेला न्हाय. आल्यावर समोर बसवून शिव्या देणार हाय. आक्काला सांग, त्या दिवशी कान बंद करून बसायचं.

ईदच्या आधी पोचतो. जरीनाला सांगितलंय, शिफाला न्हाय. स्टेशनवर फेटा आणि मंडळ घेऊन आलास तर तिथंच तंगडी मोडीन. एकटा ये. सायकल घेऊन ये, पेटी जड हाय.

आणि पुढचा भाग कळवू नकोस. पोरं रागावलीत, पण मी नको म्हटलंय. सून सासूला कड्यावरनं सोडते का घरी आणते, ते मला तुझ्याकडनं ऐकायचं न्हाय. दिवाळीच्या रविवारी शिफाच्या बाजूला सतरंजीवर बसून बघणार हाय.

तुझा,
कुतुब